दाजी आणि आकाशातली जहाजं

आमच्या साडूंइतका सरळ माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. रेल्वेचे रूळसुद्धा कुठं ना कुठं वळण घेतात. यांना ते माहीतच नव्हतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे हे यजमान, दौंडला मालगाडीवर ड्रायव्हर होते. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणे. मी न्हावऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळं मी त्यांचा मास्तर. घरात असले तरी दाजी इंजिनावरच असत. ताट समोर आलं तरी अक्का ‘घ्या’ म्हणेपर्यंत घास तोंडात जायचा नाही. ‘लाइन क्लिअर न्हाई, गाडी सोडू कशी?’ म्हणायचे. रस्त्यात कुणी आडवं आलं तर धक्का नाही, हाक नाही. तोंडानं बारीक शिट्टी वाजवून थांबायचे. एकदा बाजाराच्या वाटेवर एक म्हैस बसली होती. दाजींनी शिट्टी दिली आणि ती उठेपर्यंत उन्हात उभे राहिले. मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो. पुढं शाळेत मी हा प्रसंग संयमाचं उदाहरण म्हणून सांगत असे. खरं म्हणजे मला म्हशीची भीती वाटते.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. रेल्वे कॉलनीत दाजींच्या पत्र्यावर बांबूला बांधलेली अँटेना आली होती आणि पुण्याकडची चित्रं मुंग्या आल्यासारखी का होईना, दिसत होती. अशात दाजींचा बोटीवर नोकरीला असलेला धाकटा भाऊ परदेशातून एक खोकं घेऊन आला. ते टीव्हीला जोडलं की पडदा काळा व्हायचा, वरून पांढरी जहाजं उतरायची आणि खालच्या आपल्या जहाजानं ती पाडायची. हातात एक दांडा आणि एक बटण. दांडा हलवला की आपलं जहाज डावी-उजवीकडं सरके. वायर इतकी आखूड, की टीव्हीला नाक लावूनच बसावं लागायचं. हा अवकाशातला मामला म्हटल्यावर भूगोलाच्या मास्तरला बोलावणं आलं. मी एसटीनं दौंड गाठलं, बसल्या बसल्या सूर्यमालेवर चार वाक्यं बोललो आणि पाचवं सुरू करायच्या आत माझं जहाज फुटलं. दुसऱ्या खेपेला मी जहाजाबरोबर स्वतःही इतका कललो, की स्टुलावरून अक्काच्या धान्याच्या पोत्यावर पडलो.

दाजींचा खेळ निराळा. त्या दांड्याला ते रेग्युलेटर म्हणत. इंजिनात वाफ सोडायच्या दांड्याला तेच नाव. जहाज हलवायच्या आधी शिट्टी. हिसका नाही, घाई नाही. ‘मागं डबे हायेत असं समजून चालवा मास्तर, कपलिंग तुटंल,’ असं मला बजावत. समोरच्या जहाजांविषयीही त्यांच्या मनात राग नव्हता. ‘ह्यांनी आपलं वाकडं काय केलंय?’ असं विचारून मगच बटण दाबायचे. इतकं करूनही ते जिंकत आणि मी हरत असे. वर, ‘तुमी शिकलेली माणसं, तुमास्नी दम धरवत न्हाई,’ असं अगदी मायेनं सांगत.

मग एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना हरवलं. दुसऱ्या दिवशीही हरवलं. माझ्या अंगात काय संचारलं म्हणता. पेढे आणले, बायकोला दोनदा सगळी हकिगत ऐकवली आणि न्हावऱ्याला जाऊन शिक्षकांच्या खोलीत हाताच्या आणि नजरेच्या मेळावर भाषण दिलं. आपल्यात उशिरा का होईना, एक योद्धा जागा झाला, असं मला मनापासून वाटत होतं. संक्रांतीला पुन्हा दौंडला गेलो तो असाच छाती काढून.

दाजी खेळत होते आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. अक्कानं चहा माझ्याकडं दिला. मी कप बाजूनंच त्यांच्याकडं धरला, पण त्यांनी घेतला नाही. खेळात रमलेत असं समजून मी पडद्याकडं पाहू लागलो. उजवीकडची जहाजं ते टिपून पाडत होते. डाव्या कडेची मात्र सावकाश, बिनबोभाट खाली येत होती. दाजी तिकडं वळतच नव्हते.

‘दाजी, डावीकडची का सोडताय?’

‘डावीकडं कुठं हाय जहाज?’

अक्का दारातून म्हणाली, ‘पाण्याची कळशी बी रोज लाथाडत्यात. आन् कळशी वाटंत ठेवली म्हून माझ्यावर खेकसत्यात.’

दाजींनी दांडा खाली ठेवला. मान डावीकडं वळवून आधी पडदा पाहिला, मग माझ्या हातातला कप. तो घेऊन त्यांनी चहा पूर्ण संपवला. मग म्हणाले, ‘मास्तर, आमचे सिग्नल डाव्या हातालाच असत्यात.’

संध्याकाळी त्यांना सोलापूरकडची मालगाडी न्यायची होती. अक्का म्हणाली, ‘मागल्या तपासणीत समदी अक्षरं वाचली न्हवं? पेन्शन जवळ आलीय. कशाला सांगताय कुणाला?’

‘अक्षरं समोर व्हती,’ दाजी म्हणाले. ‘फाटकावर माणूस कडंनं येतो.’

त्यांनी डबा घेतला नाही. डोक्यावर टोपी घातली आणि रेल्वेच्या दवाखान्याकडं निघाले. मीही गेलो. वाटेत काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर मला सूर्यमालेशिवाय काही सुचेना. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती, डावीकडची जास्त. गेलेली नजर परत येणार नाही, औषधानं उरलेली टिकेल, म्हणाले. दाजींनी विचारलं, ‘म्हंजी आजची गाडी दुसऱ्याला द्यायला सांगू ना?’ त्यांना तेवढीच घाई होती.

त्यांना इंजिनावरून उतरवलं आणि शेडमध्ये ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायचं काम दिलं. ते त्यांनी पेन्शनीपर्यंत केलं. गाडी गेली की थोडा वेळ आवाजाकडं कान देऊन बसत, असं अक्का सांगायची. माझ्यातला योद्धा त्या संक्रांतीलाच निवृत्त झाला होता. पुढं मी गेलो की आम्ही दोघं मिळून एकच डाव खेळायचो. मी डावीकडं बसून ‘आलं’ म्हणायचो आणि दाजी शिट्टी देऊन निघायचे. आम्ही बरे खेळायचो.

परत निघालो की ते मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला यायचे. ‘तुमी डावीकडनं चाला,’ एवढंच म्हणायचे. मी सायकल, खड्डा, शेळी असं सांगत चालायचो. एकदा मी गाडीत चढलो, मागची खिडकी मिळाली. दाजी खाली उभे राहून मला शोधत होते. मी हात हलवला. तो त्यांना दिसला नाही. गाडी हलली, तसा त्यांनी पुढच्या एका खिडकीकडं पाहून हात वर केला. त्या खिडकीत मांडवगणचा कुणी फेटेवाला म्हातारा होता. त्यानंही ओळखीचं असल्यासारखा हात वर केला. दाजींना समाधान वाटलं असावं; ते हसले. मी आपला हात अलगद खाली घेतला.