जगाचा व्यापार आणि आमची वाटी

आमच्या संख्याशास्त्र विभागात किस्से कधी जमा होतात ते कळतच नाही. छत्री सुकवायला म्हणून लॅबबाहेर ठेवावी आणि संध्याकाळी तिच्याभोवती अनोळखी छत्र्यांचा बाजार भरलेला असावा, तसं काहीसं होतं. कुणाची कुठली, विचारायची सोय नाही!

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कामत मॅडमनी आम्हा तिघांना प्रोजेक्ट दिला. कोणता देश कोणाशी किती व्यापार करतो, याचं जाळं काढायचं. देश म्हणजे ठिपका, व्यापार म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. नेटवर्क अॅनॅलिसिस म्हणतात ते हेच. तिघं म्हणजे मिरकरवाडा बंदरावरचा समीर, माझी मैत्रीण तन्वी आणि मी, रुची. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. त्यात बाहेरच्या परीक्षकांनी शिफारस केली, तरच मॅडम मला पुढच्या संशोधनासाठी विभागात घेणार होत्या. नाहीतर मुंबईला मावशीकडे राहून मिळेल ती नोकरी! मला रत्नागिरीतच राहायचं होतं आणि हेच काम करायचं होतं. त्यामुळे मी वर्षभर दचकतच होते.

*

पहिल्या दिवशी सगळे देश आणि सगळा व्यापार स्क्रीनवर टाकला, तर नुसता काळा गोळा!

मॅडम म्हणाल्या, "किरकोळ व्यापाराच्या रेघा काढून टाक. मोठ्या तेवढ्या ठेव." आणि त्या शेजारच्या वर्गात शिकवायला गेल्या. मी मर्यादेचा आकडा टाकला, बटण दाबलं आणि किंचाळले.

मॅडम हातातल्या खडूसकट धावत आल्या. "काय झालं?"

"मॅडम, भारत गेला!"

"कुठे?"

मर्यादेच्या आकड्यात माझ्याकडून दोन शून्यं जास्त पडली होती. स्क्रीनवर चारदोन बडे देश तेवढे उरले होते. मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला.

"परत आण बाई. संध्याकाळी मला घरी जायचंय."

*

मग आकडे जुळेनात. एक देश म्हणतो, मी इतका माल पाठवला. दुसरा म्हणतो, माझ्याकडे त्याहून कमी आला. मीच काहीतरी बिघडवलं असणार म्हणून मी मॅडमकडे धावले.

मॅडम म्हणाल्या, "घाबरू नकोस. जगभर असंच असतं. माल कधीकधी वाटेत तिसऱ्याच देशात उतरतो. पाठवणारा खोटं बोलत नाही आणि घेणाराही नाही."

समीर एकदम खुलला. "मॅडम, आमच्याकडे पण सेम! आई दिवाळीत चिपळूणला आत्याकडे डबाभर करंज्या पाठवते. आत्या फोनवर म्हणते, अर्धाच डबा पोचला. त्यावरून दोघींचं दरवर्षी वाजतं."

"मग खोटं कोण बोलतं?" तन्वीने विचारलं.

"कोणीच नाही गो. एसटीने डबा मी नेतो."

*

देशांचं काही सुधरेना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आधी ओळखीचं एखादं जाळं काढून हात बसवा."

मी आमच्या बिल्डिंगमधल्या वाट्यांचं काढलं. आमच्याकडे शेजारून पदार्थाची वाटी आली, की ती रिकामी परत करत नाहीत. आपलं काहीतरी घालूनच द्यायची. घर म्हणजे ठिपका, वाटी गेली की बाण. कोण काय घेऊन कुठे जातंय, हे बघत मी सुट्टीभर दारात उभी. शेवटी एका काकूंनी आईला हळूच विचारलं, "रुचीचं काय बिनसलंय काय गो?"

चित्र झालं. मधोमध सावंतकाकू! सगळ्यांचे बाण त्यांच्याकडे आणि त्यांचे बाण सगळ्यांकडे. मी कौतुकाने आईला दाखवलं, "बघ, एकटी बाई किती घरांना पुरवते!"

आई बाणांवरून बोट फिरवायला लागली. "ही ओल्या काजूची उसळ आपण जोशींकडे दिली. जोशींनी ती सावंतांकडे दिली. आणि सावंतांनी..."

बोट आमच्याच दाराशी येऊन थांबलं. सावंतकाकू काही शिजवतच नव्हत्या. इकडची वाटी तिकडे चालू होती!

मी हसायला लागले, पण आई हसेना. कारण ती उसळ परत आली त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेत तीच म्हणाली होती, "काजू शिजवावेत तर सावंतीणबाईंनी!"

*

परीक्षेच्या आधी आम्ही रंगीत तालीम केली. तन्वी परीक्षक झाली. खुर्चीवर रेलून, घसा खाकरून तिने विचारलं, "सांगा, या जाळ्यातला सर्वांत महत्त्वाचा देश कोणता आणि कशावरून?"

मी ताडकन उभी राहिले. "हजर, मॅडम!"

समीर म्हणाला, "चला, एक उत्तर तरी बरोबर आलं."

*

आणि मग खरी परीक्षा. मुंबईहून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून पहिल्या बाकावर बसले. मी पहिली स्लाइड लावली आणि लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, प्रोजेक्टर बंद.

परीक्षक म्हणाले, "राहू दे ती स्क्रीन. तोंडी सांगा. एखादं मोठं बंदर बंद पडलं, तर बाकीच्यांचं काय होईल?"

उत्तर मला येत होतं, पण चित्राशिवाय सांगायचं कसं? समीरच्या बॅगेतून मासेमारीची जाळी शिवायच्या दोऱ्याचं रीळ डोकावत होतं. घरी न्यायला घेतलेलं. मी ते ओढून काढलं.

"सर, जरा मध्ये उभे राहता?"

हे बोलणारी मीच होते! सर उभे राहिले. मी दोरे तोडून त्यांची एकेक टोकं सरांच्या हातात दिली. दुसरी टोकं मॅडम, समीर आणि तन्वीकडे. मॅडम आणि समीर यांच्यामध्ये आणखी एक वेगळा दोरा.

"सर, तुम्ही सिंगापूर. सगळ्यांची जहाजं तुमच्याकडे येऊन पुढे जातात. तुम्ही हात सोडलेत, तरी मॅडम आणि समीर एकमेकांना धरून आहेत. तन्वी मात्र एकटी पडते. म्हणून तिला दुसरी वाट आधीच जोडून द्यायला हवी."

मी दोरा घेऊन तन्वीकडे वळले, तेवढ्यात लाईट आली. मॅडमनी मोकळ्या हाताने शिफारशीचा कागद पुढे केला. "सर, आपली सही..."

सरांनी हात थोडा सैल केला.

"नाही सर, थांबा!" मी ओरडले. "तन्वी राहिली!"

सरांनी सगळे दोरे पुन्हा घट्ट धरले आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "सही करायचीच आहे मॅडम, पण ही सोडेल तेव्हा ना! सध्या मी सिंगापूर आहे."