बेचाळिसावी बोअर

कागदाची पट्टी बोअरच्या तोंडात ओढली गेली, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि गावात वीज नव्हती. मी वहीत वेळ लिहिली. 'कारण' हा रकाना रिकामा ठेवला. तेवीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

माझं काम भूजल मोजण्याचं. विहिरीत वजन लावलेली मोजपट्टी सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहायचं आणि पुढच्या विहिरीवर जायचं. हे गाव हिंगणीच्या अलीकडचं, जंगलाला लागून. तिथल्या पिण्याच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात जास्तच खाली जात होतं. सरपंच वंदनाताईंनी ग्रामसभेपुढे ठराव ठेवला होता. विहिरीजवळ नवी बोअर मारायची नाही आणि जुन्या बोअरींनी उन्हाळ्यात दिवसाआड चालायचं. बोअरवाल्यांचं म्हणणं एकच होतं, "आमच्या वावरातल्या पाण्याचा अन् विहिरीचा काय संबंध? दाखवा." ते दाखवण्यासाठी मला बोलावलं होतं. ठराव पडला, तर येत्या वैशाखात गावाला टँकर लागणार होता.

माझ्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "शुक्रवारी ग्रामसभा आहे. आकडे घेऊन या, गोष्टी नकोत."

गोष्ट मात्र गावात आधीपासूनच होती. शांताकाकूंच्या अंगणात एक कोरडी बोअर होती, दोनशे ऐंशी फूट. त्यांच्या मालकांनी मारली, पाणी लागलं नाही आणि त्याच वर्षी ते गेले. ती बोअर श्वास घेते, असं लोक म्हणत. बाया त्या अंगणावरून जायचं टाळत.

काकूंनी लोखंडी पाइपावरचा दगड सरकवला आणि माझा हात तोंडावर धरला. आतून गार, ओलसर हवा वर येत होती. तिला भिजलेल्या दगडाचा वास होता. झोपेत माणसानं कूस बदलावी तसा आवाज आला.

"आता सोडून राह्यले," काकू म्हणाल्या. "सोमवार ते बुधवार दिवसा घेतात. बाकीच्या दिवशी राती."

"कोण घेतात?"

"हे." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. दूधवाला कधी येतो ते सांगावं तशा सुरात.

मी फोटोकडे पाहिलं नाही. मला वार ऐकू आले होते. शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज पाळीनं मिळते, आणि गावाच्या शेतीच्या वीजवाहिनीची, म्हणजे फीडरची, पाळी नेमकी तीच होती. सोमवार ते बुधवार दिवसा, बाकी रात्री. इथला खडक भेगांचा आहे. पंप पाणी उपसतात, तशा भेगा रिकाम्या होतात आणि कोरड्या बोअरमधून हवा आत शिरते. पंप थांबले की पाणी चढतं आणि हवा बाहेर येते. हवेच्या दाबानंही बोअर थोडाफार श्वास घेते, म्हणून ते आधी तपासलं. त्या वेळा जुळत नव्हत्या.

पतंगाच्या कागदाची पट्टी दोऱ्यानं पाइपाच्या तोंडावर बांधली. सोमवारी आणि मंगळवारी वीज आल्यावर वीस मिनिटांत पट्टी आत गेली. तासाभरात पिण्याची विहीर उतरू लागली. संबंध सिद्ध झाला.

"म्हणजे भूत पकडलं म्हणा," साहेब फोनवर हसले.

बुधवारी सकाळी वीज उपकेंद्रात बिघाड झाला आणि अख्ख्या गावाची वीज गेली. मला बरंच वाटलं. वीज नाही म्हणजे पंप नाहीत, आणि पंप नाहीत म्हणजे श्वास नाही. पडताळणी आपोआप होणार होती. गावात पंखा नव्हता, चक्की नव्हती, पंपांची घरघर नव्हती. इतकी शांतता, की पट्टीची फडफड ऐकू यायची.

अकरा दहाला पट्टी ताठ झाली आणि हळूहळू आत गेली. वंदनाताईंनी दिलेल्या यादीतल्या एकेचाळीसच्या एकेचाळीस बोअरी बंद होत्या.

काकू दारातून म्हणाल्या, "लाईन नाई म्हणून ते थांबतीन काय?"

जाऊन पिण्याची विहीर मोजली. चार बोटं उतरली होती. भास असता तर विहीर उतरली नसती. पाणी खरंच कुणीतरी पीत होतं.

परत येऊन बसलो. थोड्या वेळानं अंगणावर ढगाची सावली आली. पट्टी सैल पडली आणि लोंबू लागली. ऊन आलं आणि चार मिनिटांनी पट्टी पुन्हा आत गेली. पुन्हा सावली, पुन्हा सैल. तिसऱ्यांदा वेळ लिहिताना माझी पेन्सिल थांबली.

मी गच्चीवर गेलो. बांधापलीकडे संत्र्याच्या बागेत, बांबूंच्या आड सोलर पंपाच्या पाट्या चमकत होत्या.

"काकू, ते कोणाचं?"

काकूंनी खालून सांगितलं, "वंदनाचा दीर वाहते, बागेले बुधवारचंच पाणी देते. सात-बारा तिच्या नावावर हाय."

ग्रामपंचायतीत वंदनाताई ठरावाच्या प्रती लावत होत्या.

"ताई, बोअरी किती?"

"एकेचाळीस. मीच यादी केली."

"कशावरून?"

"विजेच्या मीटरवरून." बोलता बोलताच त्यांचे हात थांबले. दिराच्या पंपाला मीटर नव्हतं.

चूक त्यांची होती तशी माझीही. ती यादी मी न फिरता घेतली होती.

"साहेब, हे लिहाच लागते काय? शुक्रवारी मले कच्चं खातीन लोक."

"वहीत लिहून झालंय, ताई."

त्या पुन्हा प्रती लावू लागल्या.

शुक्रवारी मी अहवाल उघडण्याआधीच त्या उभ्या राहिल्या. "एक बोअर माह्या नावावर हाय. यादीत नोती. आता हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "आधी आपलं झाका, मंग आमचं उघडं पाहा!"

"म्हणूनच सांगून राह्यली, भाऊ. बंदचा पयला दिवस माह्याच पंपाचा."

दीर सभेतून उठून गेला. पुढच्या आठवड्यात त्या घरात दोन चुली झाल्या. ठराव नऊ हातांच्या फरकानं पास झाला. हात मी दोनदा मोजले.

निघताना काकूंना सगळं समजावलं. भेगा, पाणी, हवा.

"म्हणजे गावानं पाणी ओढलं का, हे मले सांगतात."

"काकू, ती हवा असते."

"हो, हवा," त्या म्हणाल्या आणि दगड नीट सरकवून ठेवला.

तेव्हापासून मी यादी कागदावरून घेत नाही. पायी फिरून करतो.

त्या वैशाखात टँकर लागला नाही. बंदच्या दिवशी बोअर गप्प असते, असं काकू दर आठवड्याला फोनवर कळवतात. मागच्या बंदच्या दिवशी मात्र त्यांचा फोन दुपारी आला.

"साहेब, हे घेऊन राह्यले."

मी आधी वंदनाताईंना विचारलं. त्यांचा पंप बंद होता. फीडरही बंद होता. मग तिथलं आकाश विचारलं. सकाळपासून पूर्ण झाकोळलेलं होतं.

मी वही काढली, बोअरींच्या यादीत त्रेचाळीस लिहिलं आणि पुढचा रकाना रिकामा ठेवला.