बझरमधला बिघाड

इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर दोनेक वर्षांत बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण असं काही नव्हतं. तिला परळची खोली सोडायची नव्हती, मी सोडायला लावली, त्याचा राग असणार असं मी धरून चाललो. ते मनाला फार लागायचं. पण ऑफिसातून येईपर्यंत इतका पिट्टा पडलेला असायचा की विचारणंही जिवावर यायचं. मग मी रेडिओच्या नादी लागलो.

गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, हौशी माणसं घरबसल्या दूरदूरच्या लोकांशी बोलतात तो. त्याला सरकारी परवाना लागतो, आणि मला हवा होता त्या परवान्याच्या परीक्षेत मोर्स यावं लागे. छोटे-लांब आवाज, त्यांच्या जुळणीतून अक्षरं. सरावासाठी मी एक बझर जोडला. एक आयसी, दोनचार पार्ट, नऊ व्होल्टची बॅटरी, आवाज पातळ-जाड करायला एक नॉब आणि बशीएवढा स्पीकर. दाबायची की म्हणून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा लाकडी पट्टीवर ठोकला.

बझर वाजला, पण मेल्यासारखा. बॅटरी बदलली. केबिन रोडवरच्या दुकानातून नवा स्पीकर आणला. आयसी बदलला. मग मला खाऱ्या हवेचा संशय आला. मिठागरं जवळ, तांबं हिरवं पडतं, म्हणून सगळे जोड घासून पुन्हा सोल्डरचे डाग दिले. आवाज तेवढाच. नॉब फिरवून जाड केला की जरा ऐकू यायचा, तेवढ्यावर मी वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात शेजारीण दारात आली. "भाईसाब, वो टीं-टीं थोडा कम करो ना, बच्ची सोती नहीं," म्हणाली. या बाईला टाचणी पडली तरी खपत नाही, असं मी मनात म्हटलं आणि दार लावलं.

दर रविवारी सकाळी पेणकरपाड्याला एका काकांकडे शिकायला जायचो. वाडवडिलांची मिठागरं सोडून ते जहाजावर रेडिओ ऑपरेटर झाले होते, आता निवृत्त. ते पाठवायचे, मी वहीत लिहून घ्यायचो, आणि निम्मी अक्षरं गाळायचो. डोकं चालत नाही, वय झालं, असं मी म्हणायचो. एका रविवारी वैतागून मीच बझर त्यांच्यापुढे आदळला. "हाच खराब आहे काका. तीन वेळा उकललाय."

त्यांनी दोनदा की दाबली, कान देऊन ऐकलं आणि बझर घेऊन आतल्या खोलीत गेले. आवाज आला की बोट वर कर, म्हणाले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले.

"बोट का न्हाय उचलला?"

"तुम्ही सुरू कुठे केलंत?"

"दोनदा पाठवून झाला, आख्खा मेसेज." ते माझ्याजवळ येऊन बसले. "बझर बरा हाय तुझा. कान तपासून घे."

मला त्यांचा रागच आला. तरी आठवड्याने कानाच्या डॉक्टरकडे गेलो. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. गेली दोनतीन वर्षं हळूहळू चाललं असेल, आता यंत्र लावावं लागेल, असं ते म्हणाले. इतके दिवस मी तारा, जोड, बॅटऱ्या तपासत आलो. स्वतःला तपासायचं एकदाही सुचलं नाही.

बायको ओट्याशी पाठमोरी मेथी निवडत होती. मी डॉक्टरांनी दिलेला कागद तिच्यासमोर ठेवला. तिने हात पुसले, तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे वळली.

"म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?"

"मला वाटलं, परळ सोडल्याच्या रागात तू बोलत नाहीस."

"अहो, मी रोज बोलत होते. इथेच उभी राहून. तुम्ही उत्तर देत नव्हता, मग वळून बघायचंही सोडलं मी. ताईच्या ऑपरेशनचं सांगितलं होतं, ते?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आणि मला आता इथेच बरं वाटतंय, परळला परत जायचं नाही म्हणाले होते, ते? गेल्या दिवाळीतच सांगितलं होतं."

दोन वर्षं मी तिचा गुन्हेगार म्हणून घरात वावरत होतो. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून ओट्याला टेकून उभा राहिलो.

"परत एकदा सांग," मी म्हणालो. "इकडे तोंड करून."