मनगट आणि मागची सीट

स्कूटर पडली ती माझ्या चुकीने. सदाशिव पेठेत बायकोला मागे बसवून भाजी घेऊन परतताना एक गृहस्थ अचानक आडवे आले. मी उजव्या हाताने ब्रेक दाबायला गेलो आणि मनगटातून अशी कळ निघाली की बोटंच सुटली. आम्ही दोघं रस्त्यावर आणि मेथी आमच्यावर. बायकोचा गुडघा फुटला. मी उठून, कपडे झटकून, जमलेल्या लोकांसमोर तिला म्हणालो, "किती वेळा सांगितलंय, मागे बसून हलू नकोस म्हणून!"

तिने फक्त मांडीवरची पिशवी सावरली होती. पण तेवढ्यावरून तिलाही ते खरं वाटलं. तेव्हापासून ती माझ्यामागे बसेना. "मी बसले की ह्यांचा तोल जातो," असं शेजारणींना सांगून रिक्षाने जायला लागली. मी गप्प राहिलो. खरं सांगितलं असतं तर हात निकामी होतोय हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग माझं सकाळचं बॅडमिंटन गेलं असतं.

मनगटाची झीज जुनीच. पट्टे बांधून झाले, इंजेक्शनं झाली, शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. एक मार्ग म्हणजे आत धातूची पट्टी टाकून सांधा कायमचा जोडायचा. दुखणं बहुधा जाईल, पकड भरवशाची होईल, पण मनगट पुन्हा वाकणार नाही. दुसरा म्हणजे झिजलेल्या भागातली काही लहान हाडं काढायची. थोडं वाकेल, पण पकड कमी होईल आणि पुढे पुन्हा दुखू शकेल.

मला अर्थातच वाकणारं मनगट हवं होतं. बॅडमिंटनच्या मित्रांसमोर मी दुःख मांडलं.

"अहो, सांधा जोडला तर माझा ड्रॉप शॉट संपला."

"सुरू कधी झाला होता?" एकाने विचारलं.

तरी निःपक्षपातीपणा म्हणून मी एक दिवस हाताला लाकडी फूटपट्टी बांधून घरात वावरलो. दात घासताना ब्रश नाकात गेला. वरणभाताचा घास तोंड चुकवून हनुवटीला लागला.

बायको शांतपणे म्हणाली, "चमचा नावाची एक वस्तू असते. देऊ का?"

ह्या प्रयोगावरून मी दुसरा मार्ग पक्का केला. निर्णय सांगायला गेलो तेव्हा तीही सोबत आली, अर्थात वेगळी, रिक्षाने.

"हाताने नेमकं काय काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बॅडमिंटन."

"ते सोडून?"

"ते सोडून फारसं काही करत नाहीत," बायको म्हणाली.

डॉक्टर हसले. मग माझा हात उलटसुलट करत म्हणाले, "पकड अचानक सुटते का? हे मला नीट सांगा, त्यावर बरंच ठरेल. हातून काही पडलंय का कधी?"

नाही म्हणालो असतो तर वाकणारं मनगट जवळजवळ मिळालंच होतं. मी तोंड उघडलंही. शेजारी ती माझे एक्स-रे मांडीवर धरून बसली होती. खुर्चीतसुद्धा अगदी ताठ. हल्ली ती कुठेही अशीच बसायची, न हलता.

"पडलंय," मी म्हणालो.

"काय?"

"ही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग सांधा जोडणंच बरं. रॅकेट मात्र विसरा." मी मान हलवली.

बाहेर जाऊन बायकोशी बोलावं असं आधी वाटलं. पण आरोप लोकांसमोर केला होता, माफी कोपऱ्यात मागणं बरं दिसलं नसतं. डॉक्टरांसमोरच तिच्याकडे वळून म्हणालो, "तू हलली नव्हतीस. माझ्याच्याने ब्रेक दाबला गेला नाही, आणि खेळ सुटू नये म्हणून मी इतके दिवस तुला दोषी राहू दिलं. चुकलो मी. मला माफ कर."