ठिपक्याला ठिपका

आतोबा प्लंबर होते. गल्लीतल्या बहुतेक सिंकखाली त्यांची खूण सापडते: पाणी हवं तेवढं येईल इतपत कॉक उघडायचा आणि त्याच्या मुठीवर नि पाइपवर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका द्यायचा. ठिपक्याला ठिपका जुळला की तिथे कुणी चाळे करायचे नाहीत. नेलपॉलिश अर्थात आत्याचं, तिला न विचारता उचललेलं.

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र करंगळीएवढी धार. आत्या घरीच शिवणकाम करते, सदा घाईत. "गल्लीभर नळ दुरुस्त करता, घरच्या नळानं काय घोडं मारलंय तुमचं?" असं ती रोज सकाळी कडाडायची. "बघू उद्या," म्हणत आतोबा तिथेच खुर्चीत चहा पीत बसायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले आणि नळ तसाच राहिला.

शेवटी पान्हा घेऊन मी गेलो. नळाच्या तोंडाची जाळी काढली, रेती झटकली, ब्रशने घासली. फरक नावापुरता. मग सिंकखाली शिरलो. कॉक जाम! मी दातओठ खाऊन जोर लावला.

"अरे, मोडशील!" आत्या मागून ओरडली. "तेल सोड. जरा पुढे, जरा मागे, असं करायचे हे."

धीर हा माझा प्रांत नाही, पण ऐकलं. तेल सोडायला धूळ पुसली, तर खाली दोन लाल ठिपके, अगदी जुळलेले.

"आत्या, आतोबांनीच अर्धा बंद केलाय हा! मुद्दाम!" मला रागच आला. "काय माणूस! बायकोला रोज ताटकळत ठेवलं!"

हळूहळू कॉक सैल झाला, मी तो पूर्ण उघडला. पातेलं बघता बघता भरलं. आत्या सवयीने मशीनकडे वळली आणि खुर्चीपाशी थबकली.

"पातेलं भरेपर्यंतच मी इथे उभी राहायचे रे. तेवढंच आमचं बोलणं व्हायचं." तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "फार आठवण येते त्यांची. परत ठिपक्यावर आण तो."

मी आणला. तिने भरलेलं पातेलं ओतून दिलं, पुन्हा नळाखाली धरलं आणि खुर्चीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, ऐकलंत का..."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पातेलं भरायला बराच वेळ लागला.