मारोतरावांचा पाहुणचार

इंझोरीच्या मारोतरावांना देवाने जीभ दिली ती फक्त चवीपुरती. डोकं द्यायचं राहूनच गेलं. मी त्यांचा चुलतभाऊ, म्हणून एवढ्यावर सोडतो.

तीस-बत्तीस सालच्या सुमारास कारंज्याच्या बाजारात एका मथुरावाल्या महाराजाने भोजनालय काढलं. टम्म पुऱ्या, हिंगाची फोडणी दिलेली आलूची भाजी, उडदाची कचोरी, बुंदीचं रायतं आणि वर रबडी. कापूस विकायला गेलेले मारोतराव तिथे एकदा जेवले आणि पार बाटले. त्यानंतर घरची भाकर त्यांना दिसली की तोंड वाकडं. "हे काय खाणं हाय? ढोरं तरी खातीन काय?" असं गोजरावहिनींना म्हणायचे आणि त्याच भाकरी चार-चार हाणायचे. पाणी मागतानाही "जल लाओ!" वहिनी तांब्या आदळायच्या.

त्यांचा जगदेव तेव्हा लग्नाचा झालेला. बापाच्या तोंडापायी दोन सोयरिकी फिसकटल्या होत्या. तिसरी आली धनजच्या शालिग्राम पाटलांकडून. माणूस शेतीवाडीवाला, कमी बोलणारा. त्यांचं एकच म्हणणं होतं, आधी घर पाहतो. ही सोयरीक गेली तर चौथी दारात येणार नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

वहिनींनी वरण आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत धरला. मारोतराव भडकले, "पाटलाले रोडगे घालतं काय? माही इज्जत काढून राह्यली तू!" धनजहून येताना कारंजा वाटेतच. पाहुण्यांना तिथे जेवू घालू आणि मग घरी आणू, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला सोबत घेतलं. हा येडेपणा आहे हे मला कळत होतं, पण मला रबडी दिसत होती.

कारंज्यात गाडी थांबवून आम्ही पाटलांना भोजनालयात नेलं. पाटील पाटावर बसले. ताटात दोन पुऱ्या. त्या संपल्यावर वाढपी परात घेऊन आला, "और लेंगे?" पाटील म्हणाले, "नको."

आता हे 'नको' आमच्याकडे कोणी खरं धरतं का? पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचं, ताटावर आडवा हात धरायचा, यजमानाने तो हात सारून वाढायचं, आणि मग पाहुण्याने कुरकुरत सगळं संपवायचं. भुकेला माणूस मागून घेत नाही, त्याला वाढावं लागतं. पण तो खानावळीतला वाढपी, त्याला कोणाची सोयरीक जमवायची होती? तो पुढे गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा पाटलांनी हात आडवा धरला आणि मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव डोळे मिटून कचोरी चावत होते. घास उतरल्यावर म्हणाले, "पाटील, इथची रीत शहरातली हाय. ज्याले पायजे तो मांगते. घरच्यावानी कोंबत नाही."

पाटलांनी ताटात हात धुतला. मी तेव्हा अकरावी पुरी मोडत होतो. लाज वाटते, पण पुरी चांगली होती. पाटलांच्या वाटची रबडी मारोतरावांनी आपल्याकडे ओढली. "वाया कायले जाऊ द्या?"

बाहेर येऊन पाटलांनी गाडीवानाला बैल धनजकडे वळवायला सांगितले.

"अहो, घर पाह्याचं राह्यलं ना!" मारोतराव ओरडले.

"पाह्यलं," पाटील म्हणाले. "तुमच्या डोयासमोर आमी उपाशी उठलो. उद्या माही पोरगी लाजंनं नको म्हणन, तं तिले कोन वाढन?"

गाडी गेली. इंझोरीपर्यंत मारोतराव पाटलांना अडाणी म्हणत होते आणि ढेकर देत होते. दारात जगदेव नवं धोतर नेसून उभा होता. पाहुणे कुठे, असं त्याने विचारलं.

"गेले. त्याइले खाण्यातलं काई समजत नाही."

जगदेवने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं खरं सांगून टाकलं. पोराने मान खाली घालून ऐकलं, मग बापाला म्हणाला, "बाबा, तुमी तं पोटभर जेवले ना?"

मारोतरावांना वाटलं, पोरगं खरंच विचारून राहिलं आहे. ओसरीवर ऐसपैस बसत ते म्हणाले, "अरे, कचोरी तं अशी होती, काय सांगू तुले!"