दुधाची रांग

"काय खाल्लंस? खरं सांग." असं म्हणत डॉक्टरीण आधी अंगठ्यानं आमच्या डोळ्याची खालची पापणी ओढायची. आत लाल आहे की पांढरं, ते बघायची. माझं पांढरं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. तपासणीला येणारी माणसं नागपूरहून यायची. ही डॉक्टरीण नांदुऱ्याला रेल्वेतून उतरली आणि छकड्यात बसून पिंपळगाव राजाला आली. शाळेतल्या मुली काय खातात आणि का वाळतात, हे तिला शोधायचं होतं. कपाळावर कायम आठी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ती भल्यासाठी येतात आणि रागावलेलीच येतात.

तिच्या प्रश्नाला आमच्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं, पुरणपोळी. चारचौघींत कण्या खाल्ल्या म्हणून कोण सांगेल?

"या गावात रोज पोळा असतो काय ग? दात दाखव."

दातात ठेच्यातली मिरची निघायची.

तिनं धान्याच्या दुकानातला काटा आणून शाळेच्या निंबाला टांगला आणि पोत्याच्या झोळीत बसवून आम्हाला ज्वारीसारखं तोललं. मग दोन रांगा केल्या. एका रांगेला रोज पेलाभर दूध, दुसरी कोरडी. दुधानं किती फरक पडतो ते बघायला. मी दुधाच्या रांगेत होते. कोरड्या रांगेतल्या पोरी आमच्या तोंडाकडे बघत बसायच्या. हा कसला शोध, ते मला आजही कळत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा तोललं. दोन्ही रांगा वजनाला सारख्याच. ती गवळ्यावर तुटून पडली.

"पाणी घालतोस!"

"नाही जी बाई. म्हशीनंच आतून घातलं असंन तर मी का करू?"

तिनं चुलीवर दूध आटवून पाहिलं. चांगला घट्ट खवा झाला. तो तिनं कोरड्या रांगेला वाटून टाकला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमचा हिशेब बिघडेल." ती म्हणाली, "बिघडू दे."

तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला चांगली म्हणते.

मग एका संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. बाप आणि भाऊ जेवून उठले होते. माय टोपलं पुसत होती. माझ्या ताटात अर्धी भाकर.

"हिची बाकीची भाकर कुठं गेली?"

"शाळेत दूध पेते नं ते," माय म्हणाली. "मंग घरी कायले पुरी पायजे?"

सगळ्या घरांत हेच चाललं होतं. पेलाभर दूध पोटात गेलं की भाकर ताटातून जायची. मुलींची, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टरीण भडकली. अंगणात उभी राहून ओरडली, "पोरगी उपाशी ठेवता आणि पोरांना तूप वाढता? लाज नाही वाटत?" शेजारपाजार गोळा झाला. ती गेल्यावर बाप मला म्हणाला, "झाली तुही शाळा. उद्यापासून कापूस वेचाले जाय."

ती खरं बोलली होती. पण खरं बोलून ती मुक्कामाला गेली आणि मी त्या घरात राहिले. भांडायचंच होतं तर निकाल लागेपर्यंत भांडायचं होतं. बापाचा राग मला आहेच. पण बापाकडून मी काही मागितलं नव्हतं. हिनं मला पुरी भाकर मागायला शिकवलं आणि छकडा जुंपला. चौथीची परीक्षा राहिली ती राहिलीच.

पुढं दूधही बंद झालं. दुधाचा उपयोग होत नाही, असं वर कळवलं म्हणे. कोणी कळवलं ते देव जाणे. भाकरीचं कोणी कळवलं नसणार.

जायच्या आधी ती एकदा शेतात आली होती. काळ्या मातीत तिचे बूट रुतत होते. मी ओटीत कापूस घेऊन उभी. तिनं माझी पापणी ओढली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय खाल्लंस?"

"पुरणपोळी," मी म्हणाले.

खरं सांग, असं ती म्हणाली नाही. अंगठा काढला, आपल्या लुगड्याला पुसला आणि कपाशीच्या तासातासानं बांधाकडे चालायला लागली.